गिळलेले शब्द

उत्तरा कणसेच्या टेबलावर त्या वर्षी दोनशे अकरा प्रसंग जमले होते. प्रत्येक प्रसंग एका पिवळ्या कार्डावर. माणूस कोण, तो कुठे आहे, काय घडलं, त्या क्षणी यंत्रानं काय करावं आणि ते नीट केलं हे मोजायचं कशानं, एवढंच त्यावर लिहिलेलं असे. ‘भाजी विकणारी बाई. शेजारी लाउडस्पीकर. गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालंय. त्यानं दोन पावलं टाकायच्या आत तिची हाक पोचली पाहिजे.’ ‘निवृत्त गुरुजी. गावात दिवसभर वीज नाही. सकाळी लावलेली पट्टी दिवेलागणीपर्यंत बोलती राहिली पाहिजे.’ दुपारी ती ही कार्डं खिडकीजवळ पसरून बसे आणि हळूहळू वरखाली करत राही. बघणाऱ्याला वाटावं, बाईची तंद्री लागलीय. तिचं काम तेच होतं. दुसऱ्यांच्या आयुष्यात अजून न घडलेले क्षण डोळ्यांसमोर आणायचे आणि त्या क्षणांना पुरून उरेल असा सॉफ्टवेअरचा आराखडा आखायचा.

ती काम करायची ती ‘स्वरबंध’ ही कंपनी मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या वस्तीला लागून होती. खालच्या अंगणात तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असत. उन्हात ते पोटावर झोपलेल्या माणसांसारखे दिसत. अधूनमधून कुणीतरी तार छेडून बघे, तो स्वर वर येई आणि बराच वेळ खोलीत रेंगाळे.

स्वरबंध कंठपट्टी बनवत होती. आजारात ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं, अशांसाठी. बोलायचं मनात आलं की मेंदू जिभेला, जबड्याला, गळ्याच्या स्नायूंना इशारे धाडतो. आवाज गेला तरी हे इशारे जायचे थांबत नाहीत. कातडीवर त्यांची अगदी बारीक विजेची थरथर उमटते. पट्टी ती थरथर टिपते, तिच्यातून शब्द ओळखते आणि त्या माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेल्या त्याच्याच आवाजात तो बोलून टाकते. अडचण होती वेळेची. थरथरीचा पहिला तुकडा पाहूनच शब्द ओळखला तर बोलणं झुळझुळ वाहतं, पण अंदाज चुकू शकतो. पूर्ण थरथर संपेपर्यंत थांबलं तर शब्द बिनचूक येतो, पण प्रत्येक वाक्याआधी एक लंगडी शांतता पसरते. स्वरबंधनं हा वेळ सेकंदाच्या आठव्या भागावर आणला होता, आणि तरीही शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द बरोबर येत. त्यासाठी यंत्रातले ऐकणारा आणि बोलणारा हे दोन भाग एकमेकांत विरघळवून एकच करून टाकले होते. ही कल्पना उत्तराची होती. तिला तिचा अभिमान होता.

पट्टी एकच नव्हती, पट्ट्यांचं कुटुंब होतं. एक घरात वापरायची, एक मैदानात किंवा सभेत, एक दवाखान्यात. तिघींचा गाभा एकच, वरचे भाग वेगवेगळे. गाभा चांगला निघाला की तिघींचं भलं. त्यात खोट राहिली तर तीही तिघींना. नव्यानं आलेल्या इंजिनिअरांना उत्तरा खिडकीशी नेई आणि खालचे भोपळे दाखवी.

“तारा किती, खुंट्या कुठे, नक्षी कसली, हे नंतरही ठरवता येतं,” ती सांगे. “पण वाद्य घुमणार कसं, ते भोपळा निवडतानाच ठरून जातं. ते मागाहून वरून चिकटवता येत नाही.”

*

तिचे वडील तात्या कणसे हे मैदानाच्या पट्टीचे पहिले वापरकर्ते. कृष्णाकाठच्या दुधाळवाडीचे. तरुणपणी स्वतः पैलवान आणि नंतर चाळीस वर्षं कुस्तीचे निवेदक. मातीवर दोन पैलवान भिडले की माईकवर तात्यांचा आवाज चढायचा. डाव पडायच्या क्षणीच डावाचं नाव त्यांच्या तोंडून निघायचं. लोक म्हणत, तात्यांनी ‘ढाक’ म्हटलं म्हणून तो पैलवान पडला. हा माणूस घरी मात्र गप्प असायचा. घसा राखायचा म्हणून सुरुवातीला, पुढे सवयीनं. उत्तराला लहानपणी वाटायचं, तात्यांचा आवाज मैदानातच कुठेतरी ठेवलेला असतो आणि ते तिथं जाऊन तो घालतात.

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभर ते पाटीवर लिहीत. मग उत्तरानं पट्टी आणली. त्यांचं घरातलं बोलणं कुणी कधी मुद्रित केलंच नव्हतं. होती ती फक्त मैदानांची चित्रणं. त्यामुळे पट्टीचा आवाजही मैदानाचाच झाला. खणखणीत, पुढच्या ओळीपासून झाडावर बसलेल्यांपर्यंत पोचणारा. उत्तरानं तो पार बारीक केला, तरी त्याचा ताठा गेला नाही.

पहिल्या दिवशी आई ताट वाढत होती. तात्यांनी घास घेतला, आणि त्या मैदानी आवाजात शब्द आले, “वांगं झकास झालंय.”

आईची पळी हातातच राहिली. “काय म्हणालासा?”

तात्यांनी गोंधळून उत्तराकडे पाहिलं. जणू दुसरंच कुणी बोललं होतं. “काही नाही,” ते म्हणाले.

पुढच्या दिवसांत असं होतच राहिलं. आई पाण्याची कळशी ठेवून टेकली की, “दमलीस.” बाहेर निघाली की, “ही साडी चांगली दिसते.” एकदा आईचा भाऊ बराच वेळ बसला होता, त्याच्यासमोर पट्टी म्हणाली, “हा जातोय कधी.” मामा हसून उठला, पण तात्यांनी दोन दिवस पट्टी घातली नाही. तिसऱ्या दिवशी आईनंच ती त्यांच्यापुढे आणून ठेवली.

उत्तराला कारण समजत होतं. माणूस काही बोलू लागतो आणि ओठाशी आल्यावर ते गिळतो. थरथर सुरू झालेली असते, मग मन तिला अडवतं. मन अडवीपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात पट्टी बोलून मोकळी झालेली असे. गंमत अशी की मोजणीत हा शब्द बरोबरच धरला जाई. माणसानं सुरू केलेला शब्द तोच होता. तिनं मोजपट्टीच तशी आखली होती.

आई खुशीत होती. फोनवर तिचा आवाज हलका वाटायचा. उत्तरानं या गोष्टीचं कार्ड केलं नाही.

*

पट्टी कुणाचे शब्द साठवत नसे. कोणत्या वेळी किती शब्द, त्यातले किती बरोबर आणि किती वेळात, एवढीच नोंद कंपनीकडे येई. फाल्गुनात ती नोंद चाळताना उत्तराला दिसलं की तात्यांची पट्टी रोज सर्वांत जास्त बोलते ती दुपारी दोन ते तीनमध्ये. ती वेळ तात्यांच्या झोपेची. चाळीस वर्षांत ती चुकली नव्हती.

एका बुधवारी काही न कळवता ती दुधाळवाडीला गेली. बिनचालकाची बस तिला फाट्यावर सोडून वळून निघून गेली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कडुनिंबाला बारीक फुलोरा आला होता आणि त्याचा गोडसर कडवट वास घरापर्यंत तिच्यासोबत आला.

आतल्या खोलीत अर्धवट अंधार होता. खाटेवर तात्या झोपलेले. खाली चटईवर आई चिंचा फोडत बसलेली. आणि खोलीत तात्यांचा आवाज होता. अगदी मंद, लांबच्या मैदानावरून वाऱ्यासोबत येत असल्यासारखा.

“…डावा पाय मागं घेतला… घिस्सा मारणार… मालन… नदीला पाणी चढलंय मालन… पलीकडं जाऊ नको…”

“न्हाई जात,” आई चिंच फोडता फोडता म्हणाली.

“…तांबडी गाय पलीकडं हाय…”

“येईल ती आपली आपण.”

तात्यांचा श्वास संथ चालला होता. पापण्यांखाली बुबुळं हलत होती. स्वप्नात माणसाचं अंग निपचित पडतं, पण जीभ आणि ओठ कधी कधी पुरते निजत नाहीत. पट्टीला तेवढं पुरेसं होतं.

उत्तरा उंबऱ्यावरच थांबली. आईनं तिला पाहिलं, डोळ्यांनीच बस म्हणाली. बऱ्याच वेळानं तात्या कुशीवर वळले आणि आवाज थांबला.

“रोज बोलत्यात,” आई कुजबुजली. “रोज न्यारं असतंय. कधी मैदान, कधी त्यांची आई, कधी मी. पंचेचाळीस वर्सं झाली लग्नाला, माझं नाव कधी तोंडातनं निघालं न्हवतं. मला वाटायचं, इसरलेच असतील.”

“त्यांना माहीत आहे?”

“न्हाई.” आईनं चिंचोका बाजूला काढला. “आन् तू सांगू नको.”

परतताना बसमध्ये उत्तरा खिडकीला डोकं टेकून बसली. बाहेर उसाच्या शेतांवरून ऊन वाहत होतं. आपण ऐकलं ते गोड होतं की चोरीचं, हे तिला ठरवता येईना. याही गोष्टीचं कार्ड तिनं केलं नाही.

*

नसीम शिकलगार चैत्राच्या सुरुवातीला आली. मिरजेतल्याच एका दवाखान्यात वीस वर्षं अतिदक्षता विभागात काम केलेली परिचारिका. तिचाही आवाज घशाच्या आजारात गेला होता, आणि पट्टीमुळेच ती पुन्हा ड्यूटीवर जाऊ शकली होती. उत्तराला ती आवडायची. नेमकं बोलणारी, हसताना डोळे मिटणारी बाई.

त्या दिवशी तिच्या गळ्यात पट्टी नव्हती. ती डबीत घालून तिनं टेबलावर ठेवली आणि फोनवर लिहून उत्तरापुढे धरलं. ‘परत करायला आले.’

“काय झालं?”

नसीम लिहू लागली. लिहिताना थांबत होती, खोडत होती. ‘परवा तीन नंबरच्या खाटेवर एक तरुण होता. अपघाताचा. मी सलाइन बदलत होते. त्याच्या आईनं विचारलं, सिस्टर, बरा होईल ना. मी सांगणार होते, डॉक्टर येताहेत. त्याच्याआधी मनात दुसरं आलं. ते मी गिळलं. पट्टीनं गिळलं नाही.’

“काय म्हणाली पट्टी?”

नसीमनं दोनच शब्द लिहिले. ‘नाही वाचत.’

खालून तंबोऱ्याची एक तार वाजली आणि विरली.

“तो शुद्धीवर होता?”

नसीमनं मान डोलावली. मग लिहिलं, ‘तो वाचला. आज साध्या वॉर्डात हलवलाय. पण दोन दिवस तो फक्त छताकडे बघत होता. ते पोर मरणाच्या तयारीला लागलं होतं, माझ्या शब्दावर. त्याच्या आईसमोर मला उभं राहवत नाही.’ खाली तिनं आणखी लिहिलं. ‘वीस वर्षांत असं मनात हजार वेळा आलं असेल. तोंडातून एकदाही नाही. मॅडम, माझं निम्मं काम तेच होतं.’

ती गेल्यावर उत्तरानं त्या दिवसाची नोंद उघडली. तीन नंबरच्या खाटेजवळ नसीमची पट्टी किती चांगली चालली? शब्द बरोबर. वेळ सेकंदाच्या आठव्या भागापेक्षाही कमी. मोजपट्टीप्रमाणे पैकीच्या पैकी गुण.

तिनं दोन कोरी कार्डं घेतली. पहिल्यावर नसीमचा प्रसंग लिहिला. दुसऱ्यावर लिहिलं, ‘म्हातारा माणूस. दुपारी झोपलाय. स्वप्नात बायकोशी बोलतोय.’ यंत्रानं काय करावं, या रकान्याशी ती अडली. सूर्य खिडकीतून सरकत कार्डांवर आला. शेवटी दोन्ही कार्डांवर तिनं एकच वाक्य लिहिलं. ‘बोलायचं की नाही, हे त्या माणसानं ठरवावं.’ आणि मोजायचं कशानं, तिथं, ‘त्याच्या होकाराशिवाय एकही शब्द बाहेर नको.’

*

प्रकल्पप्रमुख अभिजात देवस्थळी पुण्याहून पडद्यावर आला. त्यानं दोन्ही कार्डं शांतपणे वाचली.

“नर्सबाईंचं गंभीर आहे,” तो म्हणाला. “दवाखान्याच्या पट्टीत आपण एक कळ घालू. बोटात कडं, अंगठा दाबला की शब्द बाहेर.”

“कडं घालता येईल. पण ते अडवणार काय? ऐकणारा आणि बोलणारा भाग आपण एकच करून टाकलाय. शब्द ओळखला जातो तेव्हा तो बोलूनच झालेला असतो. दार बसवायला मधे भिंत लागते, अभिजात. ती भिंतच मी काढून टाकली.”

“मग?”

“गाभा उघडावा लागेल. दोन भाग पुन्हा वेगळे करायचे. सहा महिने जातील. आणि तिन्ही पट्ट्या मंद होतील. दार उघडं ठेवलं तरीही. पाव सेकंदाच्या वर.”

“घरात चालेल ते. दवाखान्यातही चालेल.” तो म्हणाला. “मैदानाची पट्टी मात्र संपली म्हणायची. तुझे वडील त्याच पट्टीवर आहेत ना?”

“हो.”

“मैदानाला जुना गाभा ठेवू या मग. दोन गाभे सांभाळू.”

“मैदानाची पट्टी लावून माणूस घरीही जातो,” उत्तरा म्हणाली. “झोपतोही.”

देवस्थळीनं कार्डं पडद्यावर पुन्हा एकदा समोर घेतली. तो मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हता. “ज्यांचं जाणार आहे, त्यांना आधी विचार,” तो म्हणाला. “मग मला सांग. तू सांगशील ते मी पुढं नेतो.”

*

तात्या सकाळी तालमीत भेटले. पोरांचा व्यायाम संपला होता, हौद्यातली तांबडी माती ओली करून सारखी केली होती. तिच्यात मुरवलेल्या ताक-तेलाचा वास दरवळत होता. उत्तरा त्यांच्याशेजारी कट्ट्यावर बसली.

“तात्या, तुम्ही दुपारी झोपेत बोलता.”

“कोण म्हणालं,” पट्टी बोलली, आणि पाठोपाठ तसाच खणखणीत आवाज आला, “मालन. मालनला कळलं. काय बोललो मी. लाज—”

तात्यांनी घाईनं पट्टी ओढून काढली आणि मुठीत धरली. त्यांचे कान तांबडे झाले होते. उत्तरा मातीकडे बघत बोलत राहिली. पट्टी असं का करते ते तिनं सांगितलं. ही रचना आपणच केली, हेही सांगितलं. नसीमची गोष्ट सांगितली. दार बसवता येईल, पण मग मैदानात शब्द मागून पडेल, तेही सांगितलं.

“आईला ते ऐकायला आवडतं,” ती शेवटी म्हणाली. “तिनं मला बजावलं होतं, तुम्हाला सांगू नको म्हणून.”

एक चिमणी हौद्यात उतरली, मातीत अंग घुसळून उडून गेली. मग तात्यांनी पट्टी गळ्याला लावली.

“ते पोर जगलं?”

“जगलं.”

“दार लाव.”

“मैदानाचं, तात्या—”

“लाव.” आणि त्यांनी ओठ घट्ट मिटलेले असतानाच आवाज पुढं म्हणाला, “वाईट वाटतंय.” या वेळी त्यांनी पट्टी काढली नाही.

आईला उत्तरानं स्वतः सांगितलं. आई परसात भांडी घासत होती, ती घासतच राहिली.

“तुला म्हटलं होतं, सांगू नको.”

“आई, ते त्यांचे शब्द होते.”

“मग माझं काय होतं?” आईनं पातेलं उपडं घातलं. “पंचेचाळीस वर्सांनी मला माणूस गावला होता. तासभर का हुईना. जा तू. बस येईल तुझी.”

त्या दिवशी तिनं उत्तरासोबत भाजी बांधून दिली नाही, आणि पुढं पावसाळा संपेपर्यंत फोनवर हवापाण्यापलीकडे बोलली नाही. दुपारी झोपताना तात्या आता पट्टी काढून फळीवर ठेवत. आई त्या वेळी शेजारणीकडे जाऊन बसायची.

*

भिंत पुन्हा उभी करायला सात महिने लागले. कार्तिकात, दुधाळवाडीच्या मैदानाला, तात्या नवीन पट्टी लावून माईकसमोर बसले. जवळजवळ दोन वर्षांनी त्यांचा आवाज ऐकायला आसपासची गावं आली होती. त्यांनी बोटातल्या कड्याची कळ फिरवून दार उघडं ठेवलं, म्हणजे शब्दाशब्दाला अंगठा दाबायला नको.

पहिली जोड भिडली. तांबड्या लांगेच्या पैलवानानं वाकून एकेरी पट काढला, समोरचा उताणा झाला, लोक उठले, आणि मग तात्यांचा आवाज आला, “एकेरी पट!” तोपर्यंत पैलवान अंगावरची माती झटकत होता. दुसऱ्या कुस्तीत तात्यांनी घाई केली. पैलवानाच्या खांद्याकडे बघून डाव पडायच्या आधीच ‘ढाक’ म्हटलं. पैलवानानं ढाक मारलाच नाही. लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. उत्तरा बायकांच्या बाजूला बसली होती. तिच्याकडे बघू नये म्हणून आई मैदानाकडेच बघत होती.

तिसऱ्या कुस्तीआधी तात्यांनी माईक शेजारच्या तरुण निवेदकाकडे दिला. तो घेईना, मग तात्यांनी त्याच्या हातात तो ठेवून वरून मूठ मिटली.

शेवटच्या मोठ्या कुस्तीआधी मात्र त्या तरुणानंच माईक परत त्यांच्यापुढे धरला. पैलवानांची ओळख तात्यांनी करून द्यावी म्हणाला. त्यात घाई कसलीच नव्हती. तात्यांनी सांगायला सुरुवात केली. एकाचा आजा याच मातीत कसा लढला, दुसऱ्याच्या वस्तादानं स्वतःच्या वाट्याचं दूध त्याला कसं पाजलं. उन्हं कलली होती. मैदानात हजारो माणसं होती आणि एका आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

घरी येताना वाटेत तात्या थांबले. अंगठा कड्यावर दाबला.

“कुस्ती हातातून गेली,” ते म्हणाले. सांगायचं होतं तेवढंच सांगून ते पुढं चालू लागले.

*

नसीम त्याच महिन्यात कामावर परत गेली. नव्या पट्टीबद्दल तिनं उत्तराला लिहिलं, ‘आता मी गप्प बसू शकते.’ देवस्थळीनं तिन्ही पट्ट्यांना एकच गाभा ठेवला, आणि मोजणीच्या तक्त्यात वेग आणि अचूकपणा यांच्या वर होकाराची एक नवी ओळ आली.

मार्गशीर्षात उत्तरा दुधाळवाडीला गेली ती आईनं बोलावलं म्हणून. पावटा आलाय, घेऊन जा, एवढंच आई फोनवर म्हणाली होती. ती पोचली तेव्हा दुपारचे अडीच झाले होते. थंडीचं ऊन दारातून खोलीत लांबवर आलं होतं. चपला काढतानाच तिला आवाज ऐकू आला आणि ती उंबऱ्याशी थबकली.

तात्या खाटेवर डोळे मिटून पडले होते. गळ्यात पट्टी होती. आई परातीत पावटे सोलत होती.

“मालन,” आवाज म्हणाला. मंद, लांबून आल्यासारखा.

“अं.”

“उत्तरा झाली तवा… तू माहेरी होतीस.”

“व्हय.”

“तीन महिनं मी आलो न्हाई. मैदान हाय म्हणून सांगितलं.”

आईचे हात थांबले. “व्हतं की मैदान.”

“न्हवतं.”

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. उत्तरा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ही गोष्ट तिनं आजवर वेगळीच ऐकली होती. मुलगी झाली म्हणून तात्या आले नाहीत, असं मामा म्हणायचा. आईनं ते कधी खोडलं नव्हतं.

“एकदा मी आलो हुतो. खिडकीतनं बघितलं. तू झोपलेली. शेजारी ती. एवढीशी.” आवाज थांबला, बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाला. “माझ्या हातांनी आयुष्यभर माणसं दाबून धरली. एवढं लहान काही कधी धरलंच न्हवतं. मोडंल असं वाटलं. तसाच मागं फिरलो. तू काय समजलीस ते मला ठाऊक हुतं. तरी बोललो न्हाई.”

तात्यांच्या पापण्या मिटलेल्या होत्या. श्वास संथ होता. झोपलेला माणूस जसा पडतो, तसेच ते पडले होते. पण खाटेच्या कडेवर टेकलेल्या त्यांच्या उजव्या हाताच्या बोटात कडं होतं, आणि कड्यावरचा हिरवा ठिपका जळत होता. हिरवा म्हणजे दार बंद. होकाराशिवाय आत्ता एक अक्षरही बाहेर पडणार नव्हतं. उत्तरानं पाहिलं, दर वाक्याआधी त्यांचा अंगठा हळूच कड्यावर दाबला जात होता.

आईही तिकडेच बघत होती. कधीपासून, कोण जाणे. तिनं मान वर केली तेव्हा उत्तरा तिला दिसली. आईनं हातातला पावटा परातीत टाकला, पदराला हात पुसले, पायथ्याची चादर ओढून घेतली आणि तात्यांच्या त्या हातावर नीट पांघरली.

मग ती पुन्हा भिंतीला टेकून बसली.

“मग?” ती म्हणाली.